हिपॅटायटिसचे औषध चालू असताना : त्रास सांगा, गोळी सोडू नका



हिपॅटायटिसची गोळी सुरू होऊन आठ-दहा दिवस झाले की आम्हाला फोन येतो. "ताई, गोळी बंद केली. डोकं लय दुखतं." कोणाला मळमळते, कोणाला झोप नाही, कोणाला भाताचा वास नकोसा होतो. फोन करून सांगणारा बरा, त्याच्याशी बोलता तरी येते. जो काही बोलत नाही, गोळ्यांची डबी फळीवर सरकवून ठेवतो आणि केंद्रात विचारले तर "घेतो की" म्हणतो, त्याची आम्हाला जास्त काळजी वाटते. महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या बौद्धवाड्यांत फिरताना पुन्हा पुन्हा एकच दिसते. गोळीने होणारा त्रास बहुतेक वेळा थोडा आणि थोड्या दिवसांचा असतो, पण गोळी अर्धवट सोडल्याने होणारे नुकसान फार मोठे असते. म्हणून या अंकात आपण त्रासाबद्दलच बोलू.

आधी एक गोष्ट स्पष्ट हवी. कावीळ हे एका रोगाचे नाव नाही, ती खूण आहे. यकृताचे, म्हणजे लिव्हरचे, काम बिघडले की डोळे आणि लघवी पिवळी होते. ते बिघडवणारे हिपॅटायटिसचे विषाणू पाच आहेत : ए, बी, सी, डी आणि ई. पावसाळ्यात एकाच वाडीत, एकाच विहिरीवर पाणी भरणाऱ्या घरांत चार-पाच जण पिवळे झाले तर ती बहुधा ए किंवा ई. ती घाण पाण्यातून येते. तिच्यासाठी सहसा विषाणूविरोधी गोळी लागत नाही. विश्रांती, उकळून गार केलेले पाणी आणि पोटभर अन्न यांवर बहुतेक माणसे काही आठवड्यांत उठून कामाला लागतात. गरोदर बाईला मात्र ई प्रकार जिवावर बेतू शकतो. तिला त्याच दिवशी रुग्णालयात न्या, उतारा-गंडा करत बसू नका.

बी आणि सी हे रक्तातून जाणारे प्रकार. बाळंतपणात आईकडून बाळाला, न उकळलेल्या सुईतून, दुसऱ्याच्या वस्तऱ्यातून, गोंदणाच्या सुईतून, तपासणी न झालेल्या रक्तातून आणि शरीरसंबंधातून ते जातात. दोन्ही वर्षानुवर्षे अंगात गप्प बसतात. डोळे पिवळे होतीलच असे नाही. (डी प्रकार फक्त बी असलेल्यालाच होतो.) जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे भारतात २०२२ साली सुमारे तीन कोटी लोकांना बी आणि सुमारे ५५ लाखांना सी होता. त्यांतल्या बहुतेकांना ते ठाऊकच नाही. २८ जुलै २०१८ पासून केंद्र सरकारचा हिपॅटायटिस नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू आहे. त्यात तपासणी आणि गोळ्या दोन्ही मोफत आहेत. हे कोणाचे उपकार नाहीत, आपला हक्क आहे. याच सोफोसबुव्हिर गोळीचा भाव २०१३ साली अमेरिकेत एका गोळीला १००० डॉलर होता, ८४ गोळ्यांचे ८४,००० डॉलर. फळीवर धूळ खात पडलेली डबी पाहिली की आम्हाला हा आकडा आठवतो.

सीची गोळी : ८४ दिवस

हिपॅटायटिस सीसाठी बहुतेकांना रोज एकदा सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटासव्हिर देतात. यकृत आधीच घट्ट झाले असेल, म्हणजे सिरॉसिस असेल, तर सोफोसबुव्हिर आणि वेल्पाटासव्हिर. मुदत बहुधा बारा आठवडे. काहींना डॉक्टर चोवीस आठवडे देतात. शंभरातले पंच्याण्णवपेक्षा जास्त लोक यातून पूर्ण बरे होतात. विषाणू अंगातून जातोच.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत डोके दुखणे, थकवा, मळमळ, कधी जुलाब, झोप उडणे असे होऊ शकते. सगळ्यांना होत नाही, झाले तरी हळूहळू कमी होते. डोके दुखणाऱ्याला आम्ही पहिला प्रश्न विचारतो : सकाळपासून काय खाल्ले, किती पाणी प्यायलात? उत्तर बहुतेक वेळा "चहा" हेच येते. एका कोऱ्या चहावर सकाळी कामाला निघायचे आणि दुपारी दोनला जेवायचे, अशाने गोळी नसतानाही डोके दुखेल. निघण्याआधी वाटीभर पेज, नाचणीची आंबील किंवा रात्रीची अर्धी भाकरी पोटात जाऊ द्या आणि पाण्याची बाटली सोबत घ्या. तरीही दुखले तर पॅरासिटामॉलची ५०० ची एक गोळी चालते. यकृताच्या रुग्णाने दिवसात अशा चार गोळ्यांच्या वर जायचे नाही आणि घेतल्याचे केंद्रात सांगायचे. इतर कोणतीही वेदनाशामक गोळी मनाने घ्यायची नाही. त्याबद्दल पुढे आहे.

मळमळत असेल तर गोळी रात्रीच्या जेवणानंतर घ्या. झोप उडत असेल तर सकाळच्या न्याहारीनंतर. वेळ बदलायची असेल तर केंद्रात विचारून एकदाच बदला आणि मग तीच पाळा. महाडच्या एमआयडीसीत पाळीने काम करणारे भाऊ इथे घोटाळ्यात पडतात. दिवसपाळीत रात्री घेतात, रातपाळीत सकाळी, मग एखादा दिवस राहून जातो. पाळी कोणतीही असो, घड्याळाची एकच वेळ धरा. रात्री आठ म्हणजे आठ, घरी असा की कंपनीत. विसरलात आणि त्याच दिवशी आठवले तर लगेच घ्या. दुसऱ्या दिवशीची वेळ झाली असेल तर नेहमीची एकच घ्या, भरपाई म्हणून दोन एकदम नकोत. गोळी घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली तर केंद्राला फोन करून पुन्हा एक घ्यायची का ते विचारा.

थकव्याबद्दल घरातल्यांना सांगायचे आहे. हा थकवा दिसत नाही. ताप नाही, खोकला नाही, तरी दुपारनंतर अंग गळून जाते. अशा वेळी सुनेला "कामाचा कंटाळा" म्हणणारी सासू आम्ही पाहिली आहे, आणि नवऱ्याच्या थकव्याला मात्र दूध-अंडी मिळताना पाहिली आहेत. बारा आठवडे तिच्या डोक्यावरचा पाण्याचा हंडा दुसऱ्या कोणी उचलला तर घर बुडत नाही. रोज थोडे चालणे, दुपारी अर्धा-पाऊण तास पडणे, जड काम सकाळी उरकणे, एवढ्याने बराच फरक पडतो. दिवसभर अंथरुणात राहिल्याने उलट जास्त गळल्यासारखे होते.

दुसऱ्या औषधांशी या गोळीचे जमते की नाही हे त्रासापेक्षा महत्त्वाचे. केंद्रात जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, अगदी पित्ताच्यासुद्धा. वेल्पाटासव्हिरला पोटातले आम्ल लागते. पॅन्टोप्राझोलसारखी पित्ताची गोळी रोज घेत राहिलात तर ते अंगात नीट मुरत नाही. पित्ताचे पातळ औषध घ्यायचेच असेल तर दोन्हींत चार तासांचे अंतर हवे. टीबीचे रिफॅम्पिसिन आणि फिट्सच्या काही गोळ्या चालू असतील तर सीच्या या गोळ्या त्यांच्याबरोबर चालत नाहीत. आधी काय आणि नंतर काय, ते डॉक्टर ठरवतात. हृदयाचे ठोके नीट ठेवण्यासाठी कोणी अमिओडॅरोन घेत असेल तर सोफोसबुव्हिरने ठोके धोकादायक मंद होऊ शकतात. हे सांगितले नाही तर डॉक्टरांना कळणार कसे? सीची गोळी सुरू करण्याआधी बीची तपासणीही झालीच पाहिजे, कारण सी हटत असताना आत दडलेला बी उसळी मारू शकतो. झाली आहे का, असे विचारायला लाजू नका.

आणखी एक भीती घालवायची आहे. "त्या इंजेक्शनाने केस जातात, माणूस वेडा होतो," असे अजून ऐकू येते. ते इंटरफेरॉनबद्दल आहे. आम्ही वॉर्डात काम करत होतो तेव्हा ते देत असत. दर आठवड्याला सुई, सोबत रिबाव्हिरिनच्या गोळ्या, सहा महिने ते वर्षभर. सुई दिली की रात्री थंडी वाजून ताप, वजन उतरायचे, केस विरळ व्हायचे, काहींचे मन खरोखर खचून जायचे. ती भीती खोटी नव्हती, पण ते औषध सीसाठी आता देत नाहीत. रिबाव्हिरिन मात्र यकृत फार बिघडलेल्या काहींना आजही गोळ्यांच्या जोडीला देतात. त्याने रक्त कमी होते, चढण चढताना धाप लागते, म्हणून रक्ततपासणी चुकवू नये. पोटातल्या बाळाला त्यापासून मोठा धोका असतो. बाई घेत असो की नवरा, उपचार चालू असताना आणि संपल्यावर सहा महिने दिवस राहू देऊ नयेत.

बीची गोळी : ही लांबची वाट आहे

सीची गोळी संपते. बीची बहुतेकांना अनेक वर्षे, काहींना जन्मभर चालते. बीचा विषाणू यकृताच्या पेशीच्या गाभ्यात दडून बसतो. टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिर त्याची वाढ दाबून ठेवते, मुळासकट उपटत नाही. बी असलेल्या प्रत्येकाला गोळी लागतेच असेही नाही. काहींना फक्त ठरावीक काळाने तपासणी पुरते. शेजारणीला चालू झाली आणि आपल्याला नाही, म्हणून डॉक्टरांवर संशय नको.

अडचण अशी की गोळी घेऊन सहा महिन्यांत माणसाला बरे वाटते. तपासणीत विषाणू दिसेनासा होतो आणि मग तो स्वतःच ठरवतो : झाले आता. गोळी सुटते. पुढच्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दाबलेला विषाणू एकदम वर येतो, यकृताला सूज येते, कधी यकृत निकामी होण्यापर्यंत मजल जाते. यात गोळी सोडलेला दिवस आणि आजारी पडलेला दिवस यांत अंतर असते, त्यामुळे दोन्हींचा संबंध घरच्यांच्या लक्षातच येत नाही. "चांगला होता, अचानक पिवळा पडला," असे म्हणतात. अचानक काही नसते. औषध थांबवायचे की नाही हे तपासणी पाहून डॉक्टर सांगतील. थांबवले तरी नंतर बराच काळ रक्त तपासावे लागते.

टेनोफोव्हिरने सुरुवातीला मळमळ, पोटात वारा धरणे, पातळ शौच, चक्कर असे होऊ शकते. जेवणानंतर घेतली तर पोटाचा त्रास बराच कमी होतो. एन्टेकाव्हिरचे उलटे आहे. ती रिकाम्या पोटी हवी, जेवणानंतर दोन तास आणि पुढच्या जेवणाआधी दोन तास. रात्री झोपताना घेणे त्यातल्या त्यात सोपे. दोघांच्या गोळ्या एकाच फळीवर असतील तर हा फरक लक्षात ठेवा. पाहुण्याने सांगितले म्हणून आपली पद्धत बदलू नका.

टेनोफोव्हिरचा खरा धोका जाणवत नाही, म्हणून त्याबद्दल जास्त बोलावे लागते. काही जणांत ती हळूहळू मूत्रपिंडाला, म्हणजे किडनीला, त्रास देते आणि हाडे ठिसूळ करते. डोके दुखले की कळते, किडनी मात्र बरीच बिघडेपर्यंत गप्प असते. ती कळते फक्त रक्तातल्या क्रिएटिनिनच्या तपासणीत. मधुमेह, रक्तदाब असणाऱ्यांनी आणि साठीच्या पुढच्यांनी ही तपासणी कधीही चुकवू नये. किडनीला त्रास दिसला तर डॉक्टर गोळीचे प्रमाण बदलतात किंवा दुसरी गोळी देतात. उपाय आहे, पण वेळेत कळायला हवे.

इथेच आपल्या भागातली एक सवय आडवी येते. जून-जुलैत भातलावणी. दिवसभर चिखलात वाकून कंबर मोडते. संध्याकाळी दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनच्या चार गोळ्या, नाहीतर "एक सुई मारा डॉक्टर, उद्या पुन्हा उतरायचंय." टेनोफोव्हिरच्या जोडीला ही वेदनाशामक औषधे घेतली, त्यात दिवसभर पाणी कमी प्यायलेले असले, तर किडनीवर दुहेरी मार बसतो. लावणीच्या आठवड्यात हा धोका सगळ्यात जास्त असतो. लावणी सोडा असे आम्ही म्हणणार नाही, ते पोटाचे काम आहे. पण गरम पाण्याचा शेक, रात्री कंबरेला तेल, दर दीड-दोन तासांनी बांधावर बसून पाणी, आणि अगदीच सहन झाले नाही तर वर सांगितलेल्या मापात पॅरासिटामॉल, एवढ्यावर भागवा. सुई देणाऱ्याला आधी सांगा : "मला यकृताचा आजार आहे, टेनोफोव्हिर चालू आहे." हे वाक्य घरातल्या पोरांना पाठ करायला लावा.

एक कुजबुज थांबवायला हवी. टेनोफोव्हिर एचआयव्हीच्या उपचारातही वापरतात. कोणीतरी मोबाइलवर गोळीचे नाव शोधतो आणि वाडीभर करतो, "त्याला ते आहे." एकच औषध दोन विषाणूंवर चालते, एवढाच त्याचा अर्थ. आणि समजा एखाद्याला खरेच एचआयव्ही असला, तरी त्याला गोळीची गरज आहे, आपल्या कुजबुजीची नाही. या बोलण्याला भिऊन गोळी सोडलेली माणसे आहेत. मळमळीने सोडणाऱ्याला जेवणानंतर घ्यायला सांगता येते. लोकांच्या तोंडाला भिऊन सोडणाऱ्याला काय सांगायचे? विहारातल्या रविवारच्या वंदनेनंतर पाच मिनिटे या विषयावर बोलले तर खूप होईल. महिला मंडळाने पुढाकार घ्यावा, त्यांचे ऐकतात.

जसे आहे तसे सांगणे

आजारी, घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदांना सोबत घेऊन स्वतःच्या हाताने धुतले, ही गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. बाबासाहेबांनी ती 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात घेतली आहे. विनयपिटकाच्या महावग्गात तिच्याच पुढे एक भाग आहे, तो आम्हा नर्सेसना फार जवळचा वाटतो. कोणत्या रुग्णाची सेवा करणे सोपे आणि कोणत्याची अवघड, हे तिथे सांगितले आहे. सोपा रुग्ण तो, जो आपल्याला मानवते ते करतो, त्यातले प्रमाण जाणतो, औषध घेतो, वेदना सहन करू शकतो आणि दुखणे वाढत असेल तर वाढते आहे, कमी होत असेल तर कमी होते आहे, तसेच असेल तर तसेच आहे, असे खरे खरे सांगतो. सेवा करणाऱ्याचेही गुण तिथे आहेत : औषध करता येणे, काय मानवते काय नाही हे कळणे, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करणे, थुंकी-उलटी-मलमूत्राची किळस न करणे, धम्माच्या चार गोष्टी सांगून धीर देणे. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी आज नर्सिंगच्या वर्गात लावली तरी चालेल.

त्यातला "खरे सांगणे" हा गुण आपल्याकडे कमी पडतो. डॉक्टर "कसे आहे?" विचारतात, आपण हात जोडून "बरं आहे साहेब" म्हणतो आणि बाहेर येऊन नर्सला सांगतो की तीन दिवस जेवण जात नाही. हा मोठ्या टेबलापुढचा जुना दबकेपणा आहे, तो सोडला पाहिजे. शाळेतल्या पोराची जुनी वही घ्या. रोज एक ओळ : गोळी किती वाजता घेतली, काय त्रास झाला, किती वेळ राहिला, लघवीचा रंग कसा होता, सोबत दुसरे काय औषध घेतले. लिहिता येत नसेल तर नातवंड लिहील. तारखेला ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. "अधूनमधून चक्कर येते" यापेक्षा "मंगळवारपासून रोज अकरा वाजता, उपाशीपोटी" हे वाचून डॉक्टर दोन मिनिटांत उपाय सांगू शकतात.

काही त्रास वहीत लिहून तारखेची वाट पाहण्यासारखे नसतात. डोळे पिवळे होणे किंवा आधीचे पिवळेपण वाढणे, लघवी गडद चहासारखी होणे, पोट फुगून पाय सुजणे, रक्ताची उलटी, डांबरासारखे काळे शौच, बडबड किंवा गुंगी, दिवसा झोप आणि रात्री जागरण असा उलटा फेरा, लघवी फार कमी होणे, अंगावर पुरळ येऊन ओठ-जीभ सुजणे, छातीत धडधड होऊन अंधारी येणे. यांतले एकही दिसले तर १०८ ला फोन करा आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जा. जाताना गोळ्या आणि वही सोबत. टीबीच्या रुग्णांसाठी एक खुलासा : रिफॅम्पिसिनने लघवी केशरी होते, ती कावीळ नाही. पण टीबीचे औषध चालू असताना उलट्या आणि पिवळे डोळे दिसले तर ते मात्र खरे, त्याच दिवशी दाखवा. टीबीच्या काही गोळ्याही यकृताला सूज आणतात.

पथ्य आणि उतरवणे

कावीळ म्हटली की घरात पहिला हल्ला जेवणावर होतो. हळद बंद, तेल बंद, डाळ बंद, मासळी बंद, अंडे तर नावच नको. महिनाभर मीठ-भात खाऊन रुग्णाच्या दंडाचे मांस उतरते आणि मग सगळे म्हणतात गोळीने वाळला. गोळीने नाही, पथ्याने वाळला. हळदीने डोळे पिवळे होत नाहीत. यकृत भरून यायला प्रथिने लागतात. कुळथाची पिठी, मूग, डाळ, अंडे, ताजी मासळी, शेवग्याचा पाला, पावसाळ्यात टाकळा, नाचणीची भाकरी हे सगळे चालते. मळमळत असेल तर तीन वेळा ताटभर खाण्याऐवजी सहा वेळा थोडे थोडे खा. आमसुलाचे सार किंवा लिंबू-मीठ लावलेले आले जिभेवर ठेवले तर बरे वाटते. रात्री उशिरा काहीतरी खाऊन झोपणे सिरॉसिसच्या रुग्णाला विशेष चांगले. एक बंधन मात्र खरे आहे : पोटात पाणी झाले असेल किंवा पाय सुजले असतील तर मीठ कमी करायचे. मग सुकट, खारे बोंबील, लोणचे, पापड हे सगळे बाजूला. जवळ्याची चटणी आवडणाऱ्याला हे जड जाते, आम्हाला माहीत आहे. दारू अजिबात नाही, गावठी नाही, "औषधापुरती" नाही. पंचशीलातले पाचवे शील इथे डॉक्टरही सांगतात. उसाचा रस औषध नाही, आणि रस्त्यावरच्या घाण बर्फातून ए-ई मात्र मिळू शकते.

आता कावीळ उतरवणाऱ्यांबद्दल. हातावर काहीतरी चोळतात, मग चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतात, पाणी पिवळे होते आणि म्हणतात उतरली. आंब्याच्या सालीचा रस हाताला लावून चुन्याच्या निवळीत हात धुतले की पाणी पिवळे होते, ठणठणीत माणसाचेही होते. विहारात करून पाहा, पोरांना मजा येईल. काविळीची माळ वाढत जाते तीही अशीच. ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात गाठवलेले असतात, ते वाळून बारीक होतात, गाठी सैल पडतात आणि माळ लांबते. ए आणि ई प्रकार आपोआप बरा होतो, म्हणून श्रेय माळेला जाते. बी-सीचा रुग्ण मात्र माळ घालून गोळी सोडतो. डागणे, डोळ्यांत रस पिळणे हे प्रकार तर सरळ इजा करणारे आहेत. आणि "झाडपाल्याचे आहे, त्याने काय होते" असे म्हणू नका. काही झाडपाल्याची औषधेच यकृत बिघडवतात. करून पाहा आणि मग विश्वास ठेवा, हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही.

वेगळा पेला

बी किंवा सी असलेल्या माणसाचे ताट, पेला, अंथरूण वेगळे केल्याचे आम्ही आजही पाहतो. एका ताटात जेवल्याने, एका पेल्यातून प्यायल्याने, मिठी मारल्याने, मुलाला मांडीवर घेतल्याने बी-सी होत नाही. वेगळे ठेवायचे ते वस्तरा, ब्लेड, दात घासायचा ब्रश आणि नेलकटर, कारण बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस जिवंत राहू शकतो. जखमेवर पट्टी हवी. (ए आणि ई असेल तर हात धुणे, शौचालय आणि पाणी याची काळजी घ्या. तिथेही माणसाला नव्हे, घाणीला दूर ठेवायचे आहे.) २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते याच महाडात. त्याच तालुक्यात आपल्याच घरात आपल्याच माणसाचा पेला वेगळ्या खुंटीला टांगलेला दिसला की आम्ही तो काढून मांडणीत ठेवतो आणि मग बोलायला बसतो. वेगळा पेला मिळालेला माणूस आपला त्रास कोणाला सांगेल?

घरातल्या बाकीच्यांची बीची तपासणी करा. ज्यांना नाही त्यांना लस द्या. मोठ्यांना तीन डोस : पहिला, एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. बाळाला जन्मल्यावर २४ तासांच्या आत पहिला डोस, मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसीत पुढचे येतात. गरोदर बाईला बी असेल तर प्रसूती रुग्णालयातच. बाळाला लसीबरोबर वेगळे इंजेक्शनही द्यावे लागते आणि ते आधीपासून तयार ठेवायला सांगावे लागते. ती बाळाला अंगावर पाजू शकते. सीवर लस नाही.

गोळ्या संपण्याआधी आठ दिवस पुढच्या आणायच्या, हा आपल्या भागात पाळायचाच नियम. गंभीर तपासणीसाठी अलिबागला जायचे तर शंभरेक किलोमीटर. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतून तर आधी खाली उतरण्यातच सकाळ जाते. पावसात आंबेनळी घाट कधी बंद होईल सांगता येत नाही. २२ जुलै २०२१ ला सावित्रीचे पाणी महाडच्या घरांत शिरले, तळिये दरडीखाली गेले. अशा दिवसांत कागद, गोळ्या, काही हाताला लागत नाही. म्हणून गोळ्या झाकणाच्या प्लास्टिकच्या बरणीत उंचावर, आणि केसपेपर व शेवटच्या रिपोर्टचा फोटो घरातल्या दोन फोनमध्ये. मुंबईला कामाला जाणाऱ्यांनी केंद्रात आधी सांगून तिथल्या केंद्राची चिठ्ठी घ्यावी. "गावाला आलो की घेईन" म्हणत गणपतीपासून शिमग्यापर्यंत खंड पडतो. एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, सोबत जायला सासू, नणंद, शेजारीण कोणीही चालेल. एकटीला धाडू नका. परत येताना तिला काय सांगितले ते दोघींच्या लक्षात राहते.

सीची ८४ वी गोळी घेतली म्हणजे काम संपले नाही. त्यानंतर बारा आठवड्यांनी रक्तात विषाणू आहे का याची तपासणी करतात. ती नसल्याची आली की बरे झालात. पण एक गोंधळ होतो. सीची साधी प्राथमिक तपासणी शरीराने विषाणूविरुद्ध बनवलेली प्रतिद्रव्ये शोधते, आणि ती बरे झाल्यावरही बहुधा जन्मभर राहतात. नोकरीच्या तपासणीत किंवा ऑपरेशनआधी पुन्हा "पॉझिटिव्ह" आले की माणूस हादरतो, कंपनी कामावर घ्यायला नाखूश होते. त्यासाठी विषाणू नसल्याचा शेवटचा रिपोर्ट जपून ठेवा, एक झेरॉक्स पाकिटात असू द्या. सिरॉसिस झालेल्यांनी बरे झाल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची आहे. आणि प्रतिद्रव्ये पुन्हा लागण होण्यापासून वाचवत नाहीत, म्हणून वस्तरा अजूनही स्वतःचाच.